पालथी मांडणी

माझा भाऊ थामी एका जागी बसलेला कोणी दाखवावा, मी त्याच्या घरची भांडी घासून देईन. जेवायला बसला तरी याचं अर्धं बूड जमिनीवर, अर्धं हवेत. आई म्हणायची, "बतूल, तू पोटात होतीस तेव्हा गोणीसारखी पडून असायचीस. हा मेला पहिल्यापासून लाथाच झाडतोय." आई गेली, लाथा काही थांबल्या नाहीत.

आमचं घर मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात, आणि घराखालीच बाबांचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली आणि पुढे अंगण. काम झलीजचं. झिलई चढवलेल्या रंगीत लाद्या हातोडीने फोडून त्यांच्या चांदण्या, बदाम, पट्ट्या करायच्या आणि त्या जुळवून भिंती सजवायच्या. माझे बाबा मांडणारे. सगळा मोहल्ला त्यांना मालेम, म्हणजे उस्ताद, म्हणतो. तैयब हे त्यांचं नाव मी फक्त आईच्या तोंडून ऐकलं, तेही ती भडकलेली असताना. माझा नवरा घाली कापणारा. दिवसभर मांडी घालून त्याची ठकठक चालू. लग्न झालं तरी मी घर सोडलं नाही, कारण नवरा आधीपासून खालीच बसलेला होता.

मांडायचं ते पालथं. प्रत्येक तुकड्याचं तोंड जमिनीकडे, पाठ वर. वरून पाहाल तर सगळ्या पाठीच पाठी, एकाच मातकट रंगाच्या. खाली निळा आहे की पांढरा की हिरवा, हे मांडणाऱ्याच्या डोक्यात. सगळं मांडून झालं की वरून गिलावा ओततात, तो वाळू देतात, आणि मग चार माणसं मिळून अख्खी फळी उचलून उलटी करतात. तोवर आत काय बसलंय ते अल्ला जाणे आणि मांडणारा जाणे. आणि टोपलीतून उचललेला तुकडा पलटून बघायचा नाही, ही आमच्याकडची शिस्त. बाबा म्हणतात, "पलटून बघायचंय? मग बटाटे विकायला बस. बटाटे सगळीकडून बघून घेतात."

आता असल्या कामाला हा पायाला भिंगरी लावलेला माणूस! त्यात डावखुरा. बाबांच्या उजव्या हाताला पांढऱ्या बदामांची टोपली, डाव्या हाताला निळ्यांची. आजोबांचीही तशीच होती. थामी डाव्या हाताने उचलणार, म्हणून त्याला सगळं उलटं हवं. यावरून लहानपणी त्याने खाल्लेला मार मी डोळ्यांनी पाहिलाय. "डाव्या हाताने खातोस, डाव्या हाताने मांडतोस, उद्या डाव्या हाताने लोकांना सलाम करशील!" बाबा ओरडायचे, आणि तो बोटं चोळत टोपल्या सरळ करायचा. बाबांची पाठ वळली की परत उलट्या.

ऐन तारुण्यात त्याने एक फळी ओली असतानाच उचलली. का? तर धीर धरवेना. आत काय झालंय ते बघायचं होतं साहेबांना. फळी मधोमध तडकली. महिन्याभराचं काम! बाबांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं दाराकडे बोट केलं. थामी गेला.

गेला तो कुठे कुठे गेला. कॅसाब्लांकाच्या बंदरात हमाली केली. टँजियरला बोटीवर ताटं विसळली. मेक्नेसला एका बसवर कंडक्टर झाला, तिथे ड्रायव्हरशी भांडला. ऑलिव्हच्या घाण्यावर राहिला, तिथून एका मोसमात पळाला. प्रत्येक मोठ्या ईदला यायचा, माझ्यासाठी एखादा भडक रुमाल आणायचा आणि मटण संपायच्या आत गायब. मुलगी कोण देणार असल्याला? मी दोनदा ठरवत आणलं, दोन्ही वेळा हा ऐन वेळी हातावर तुरी देऊन पसार. मुलींच्या आयांच्या शिव्या कोणी खाल्ल्या? बतूलने.

यंदा बाजारात जर्दाळू आले तेव्हा तो आला, तो जाईचना. दाढी पांढरी झालेली, गाल बसलेले. मी कणीक मळत होते. दारातल्या दारात घिरट्या घालत म्हणाला, "लल्ला, मला बसायचंय." मोठी बहीण म्हणून तो मला लल्लाच म्हणतो.

"बस की. गालिचा अंथरू का तुझ्यासाठी?"

"तसं नाही गं. खाली. बाबांच्या जागेवर."

मला हसू फुटलं. मग त्याचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. म्हणाला, "मी फार फिरलो. जिथे गेलो तिथे भिंती बघत बसलो. बंदरात, मशिदीत, कुठल्या कुठल्या हमामात. प्रत्येक भिंत मनात पालथी करून मांडली. कंटाळलो लल्ला. आता मला हातांनी मांडायचंय."

बाबांच्या डोळ्यांवर पडदा आलाय, हात कापतात. हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी बोलत नाही. त्यांची जागा कोणाला तरी मिळणार होतीच. आणि खोटं कशाला बोलू, ती घालीला मिळावी असं माझ्या मनात होतं. माणसाने आयुष्यभर हातोडी आपटली, कधी कुठे पळाला नाही, कधी उलटून बोलला नाही. त्याचा हक्क नव्हता का?

बाबांनी जेवताना निकाल दिला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा नळ आहे, त्यामागची भिंत नव्याने करायचं काम आलं होतं. भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "ही फळी थामी मांडेल. स्वच्छ निघाली तर माझी जागा त्याची. एक तुकडा जरी चुकला तर घालीची, आणि मग याने मला तोंड दाखवायचं नाही. कळलं का रे?"

"कळलं बाबा," थामी म्हणाला, आणि उठून तीन खोल्या फिरून आला.

पण मांडलं हो त्याने. मी जिन्यातून बघायची. मांडायचा, उठायचा, अंगणाला फेरी मारायचा, परत बसायचा. ओठ सारखे हलत. घाली वैतागून म्हणायचा, "अरे बाबा, तुझ्याकडे बघून मला गरगरतंय. मुंगळे चावतात का तुला?" थामी म्हणायचा, "तू काप. पांढरे बदाम नेमके दे, वर एकही नको. उरले की माझं डोकं फिरतं." डावा हात मात्र असा चालायचा, की बघत राहावं.

मांडणी पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर गिलावा ओतायचा ठरलं. सकाळी मी बाबांसाठी वालासारख्या वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं गरम सार घेऊन खाली गेले, तर बाबा फळीपाशी गुडघ्यांवर. बोटं पाठींवरून फिरतायत.

"काय चाललंय?"

"बघतोय."

"कशाने? डोळे तर वर ठेवून आलात."

"हाताने बघतोय, जिभेचा दांडपट्टा आवर. हा एक बदाम डुगडुगतोय. कोपरा उडालाय त्याचा." त्यांनी नखाने तो उपसून काढला, शेजारी थामीच्या बसायच्या गोणपाटावर टाकला. मग न बघता उजवा हात लांब केला, उजवीकडच्या टोपलीतून बदाम घेतला, भोकात बसवला, वरून टिचकी मारली. पलटून अर्थातच पाहिलं नाही.

"बाबा, त्याचं काम आहे. त्याला करू द्या ना."

"हात लावला म्हणून काही झिजलं नाही त्याचं. सार दे."

मी सार दिलं आणि वर आले. ब्रेड भाजायला भट्टीवर पाठवायचे होते, मला दुसरं काही सुचत नव्हतं. थोड्या वेळाने खालून गिलावा ओतल्याचा आवाज आला.

दुपारी थामी वर आला तो भूत पाहिल्यासारखा. मूठ उघडून दाखवली. आत एक पांढरा बदाम.

"गोणपाट झटकलं, त्यातून पडला. लल्ला, पांढरे सगळे बसले होते. एकही उरला नव्हता. हा बाहेर आहे म्हणजे याच्या जागी दुसरा काहीतरी गेलाय. मी कधी चुकलो? कुठल्या ओळीत?" तो चुलीपासून खिडकीपर्यंत जायचा, खिडकीपासून चुलीपर्यंत. "मी सगळं मनात परत मांडून पाहिलं. सापडत नाही. वेड लागेल मला. एक कोपरा उचलून बघतो. फक्त एक कोपरा."

"खबरदार! ओली आहे ती!"

"उद्यापर्यंत कसा थांबू? सगळ्या गल्लीसमोर उलटणार आहेत ती!"

तो वळला जिन्याकडे. मी त्याचा सदरा धरला, टर्रकन फाटला. तो काही थांबेना. आणि तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा तो हात आला. उजवा हात, उजवीकडची टोपली. बाबांच्या उजवीकडे जन्मभर पांढरे. थामीच्या उजवीकडे...

"थामी," मी म्हणाले, "तुझ्या उजव्या अंगाला कुठली टोपली असते?"

"निळ्याची. का?"

मी खाली बसले आणि सकाळी पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. गुडघे, नख, टिचकी, सगळं. सांगता सांगता मला वाटलं आता हा ओरडेल, धावत जाऊन बाबांच्या तोंडावर तो बदाम फेकेल. फेकावाही, असं वाटलं मला. इतक्या वर्षांनी हा माणूस बसायला आला आणि त्यांनी त्याच्या ताटात माती कालवली!

थामी उभा होता तो बसला. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. मी त्याला असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का? जागा जाईल तुझी!"

"जाऊ दे."

"जाऊ दे? इतकी वर्षं त्या जागेसाठी झुरलास, आणि जाऊ दे?"

"लल्ला, टोपली न बघता हात घालणं एवढंच त्यांच्याकडे उरलंय. तेही चुकलं हे कळलं तर ते काय करतील? मला निदान पळता येतं. ते कुठे जातील?"

त्या दिवशी मी मसुरात दोनदा मीठ घातलं, चहाचा पेला फोडला, घालीवर विनाकारण खेकसले. तो बिचारा विचारत राहिला, "झालं काय?" काय सांगू त्याला? सांगितलं तर त्याची मिळत आलेली जागा जाणार. नाही सांगितलं तर माझा भाऊ जाणार. आणि गप्प बसण्यात माझ्याच नवऱ्याचा फायदा, म्हणून गप्प बसणंही मला चोरीसारखं वाटायला लागलं. मी माजघरातून अंगणात, अंगणातून गच्चीवर येरझाऱ्या घालत राहिले. थामी आपला कोपऱ्यात बसून होता.

दुसऱ्या दिवशी फळी उलटायला शेजारपाजारचे जमले. खाटीक आला, भट्टीवाला आला, खेचरवाल्याने खेचर दारात आडवं लावून रस्ता अडवला, मागचे लोक "बाजूला हो!" म्हणून बोंबलायला लागले. चौघांनी फळी धरली. घालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. जागा हवी होती त्याला, पण थामीचं वाईट झालेलंही बघवणार नव्हतं. बिस्मिल्ला म्हणून उलटली. थामीने ओल्या फडक्याने धूळ पुसली.

खरं सांगते, अशी फळी मी पाहिली नव्हती. मधली चांदणी, तिच्याभोवती कडी, कड्यांत कडी. कोणीतरी "अल्लाहू अकबर" म्हणालं. मग खाटकाने बोट दाखवलं. मधल्या चांदणीभोवतीच्या पांढऱ्या कड्यात एक निळा बदाम होता. हसऱ्या तोंडात पुढचा दात पडलेला असावा तसा.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं. भट्टीवाला खेचराकडे बघायला लागला. "अरे, जिभा मांजरांनी नेल्या का? घाली, काय निघालं?"

घालीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चांगली आहे मालेम. फार चांगली आहे."

"मी चांगली आहे का विचारलं नाही. स्वच्छ आहे का?"

"नाही," थामी म्हणाला. "मधल्या चांदणीच्या कड्यात पांढऱ्याच्या जागी निळा गेलाय. माझी चूक."

बाबा वाकले. त्यांची बोटं कड्यावरून फिरत फिरत त्या बदामाशी आली आणि तिथे थांबली. नखाने त्यांनी त्याची कड चाचपली. माझ्या तोंडाशी आलं होतं, सगळ्यांसमोर ओरडून सांगावं. थामी माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

"इथून पुढे घाली मांडेल," बाबा म्हणाले, आणि भिंत चाचपडत बाहेर गेले.

लोक पांगले. थामी वर जाऊन बोचकं बांधायला लागला. दुपारच्या नमाजानंतर टँजियरची बस होती. मी म्हटलं, "जेवून जा." म्हणाला, "बसवत नाही." म्हटलं, "काल तर बसला होतास!" तो हसला आणि त्याने बोचक्याची गाठ आवळली. घाली हात न धुता जिन्यात बसून राहिला. जागा मिळालेला माणूस असा दिसतो होय?

मी ताट वाढलं. तांब्या आणि तस्त घेऊन बाबांपुढे बसले आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतलं. पाणी संपलं तरी ते हात मागे घेईनात.

"बतूल, त्याच्या टोपल्या अजून उलट्या असतात का गं?"

मी तांब्या खाली ठेवला. कसंबसं म्हणाले, "मला काय ठाऊक? मी आपली चुलीपाशी."

"हूं," ते म्हणाले. मग एकदम मोठ्याने हाक मारली, "थामी!"

थामी बोचकं काखेत घेऊन दारात आला. मागून घालीही आला.

"कुठे निघालास?"

"टँजियरला. बस सुटेल बाबा."

"सुटू दे. खाली जा. तो निळा बदाम कोरून काढायचाय."

थामी म्हणाला, "घाली काढेल. आता ते त्याचं काम आहे."

"घाली कापणारा आहे. त्याला मांडणीत हात घालायला सांगू नकोस." ओले हात त्यांनी तसेच मांडीवर ठेवले. "आणि मीही काढणार नाही. माझ्या हातून पुन्हा चूक होईल."

पुन्हा. चूक हा शब्द बाबांनी स्वतःसाठी वापरलेला आम्ही कोणी जन्मात ऐकला नव्हता. थामीचं बोचकं खाली पडलं. मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. बाबांना आमची तोंडं दिसत नव्हती, म्हणून बरं. की दिसत होती, कोण जाणे.

घालीला काही कळलं नव्हतं, तरी सगळं कळल्यासारखा तो म्हणाला, "मला हातोडीच बरी आहे मालेम. गुडघ्यांवर बसलं की माझे गुडघे बोलतात."

"तुला कोणी विचारलं?" बाबा खेकसले. "जेवा सगळे. गार होतंय."

कोणी धड जेवलं नाही. थामी खाली गेला आणि छिन्नीचा बारीक आवाज यायला लागला. जरा वेळाने बाबाही भिंत धरून उतरले. मी चहा घेऊन गेले तेव्हा थामी फळीवर वाकला होता आणि बाबा त्याच्या शेजारी जमिनीवर बसून, हात मांडीखाली दाबून धरून, विचारत होते, "निघाला का? अरे, निघाला का?"

"थांबा बाबा," थामी म्हणत होता. "घाई करू नका."